भोपाळ : विष अंगात भिनल्याचा पुरावा

भोपाळच्या जुन्या वस्त्यांमध्ये आजारपणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते, ‘गैस लगी थी’. ज्याला लागली त्याला त्यापुढे काही सांगावे लागत नाही. डॉक्टर, सरकार आणि न्यायालय मात्र या वाक्यापाशीच अडकले. लागली म्हणजे किती लागली? डोळ्यांना आणि छातीलाच लागली, की रक्तात उतरली? आणि हे ठरवायचे कोणत्या चाचणीने? भोपाळची पुढची जवळजवळ सगळी वैद्यकीय आणि कायदेशीर लढाई या प्रश्नांभोवती फिरत राहिली. विषबाधेच्या तपासणीला वेळेची मुदत असते आणि ती मुदत टळली की भुर्दंड बाधितालाच पडतो, हे या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ई-610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, साठवलेले होते. ते अवघ्या 39 अंश सेल्सिअसला उकळते आणि पाण्याशी संयोग झाला की प्रचंड उष्णता बाहेर पडते. ते थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि गळती झाल्यास वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. टाकीतले तापमान 200 अंशांच्या पुढे गेले आणि बहुतेक ऐवज शहरावर आला. जे जीव मुठीत धरून पळाले त्यांना धाप लागली, आणि त्यांच्या छातीत विष जास्त गेले. तोंडावर ओले फडके धरून घरातच थांबायचे, एवढी साधी गोष्ट त्या रात्री कुणी सांगितली असती तर कितीतरी जीव वाचले असते. पण ती सांगणारे कुणी नव्हते.

सांगणार तरी कोण? एमआयसीच्या विषारीपणाबद्दल त्या वेळी उघडपणे उपलब्ध असलेले वाङ्मय बोटांवर मोजण्याइतके होते. 1964 मध्ये जर्मनीत प्राण्यांवर केलेला एक अभ्यास छापून आलेला होता. कंपनीने स्वतःसाठी करवून घेतलेल्या चाचण्या डॉक्टरांच्या हाती नव्हत्या. हमीदिया रुग्णालयात माणसांचा लोंढा आला तेव्हा कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उत्तर मिळाले, हा वायू अश्रुधुरासारखा आहे, डोळे धुवा. नेमका उपाय कोणता, हे विचारण्याआधी नेमके विष कोणते हेच ठाऊक नसलेले डॉक्टर रात्रभर डोळ्यांत थेंब घालत राहिले.

पहिला धागा सापडला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांच्या लक्षात आले की मृतांचे रक्त नेहमीसारखे काळपट न होता लालबुंद राहिले आहे आणि फुफ्फुसेही तशीच लाल दिसत आहेत. शरीरात प्राणवायू आहे, पण पेशींना तो वापरता येत नाही, अशा वेळी रक्ताचा रंग असा राहतो. सायनाइडच्या विषबाधेत असे होते. चंद्र यांनी सुचवले की जिवंत रुग्णांना सायनाइडवरचा उतारा, सोडियम थायोसल्फेट, देऊन पाहावा.

हे औषध काही दुर्मीळ नव्हे. जुन्या काळी फोटो धुणारे ज्याला ‘हायपो’ म्हणत तेच हे. शरीरात सायनाइड असेल तर यकृतातले एक विकर (एन्झाइम) थायोसल्फेटमधला गंधक घेऊन त्याचे थायोसायनेट बनवते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे एकाच इंजेक्शनात उपचारही होतो आणि तपासणीही. इंजेक्शनच्या आधी लघवीतले थायोसायनेट मोजायचे, नंतर पुन्हा मोजायचे. ते एकदम वाढले तर शरीरात सायनाइडसारखे काहीतरी साठून होते असे समजायचे. मोजायलाही मोठे यंत्र लागत नाही. थायोसायनेटमध्ये फेरिक क्षार पडला की द्रावण रक्तासारखे लाल होते. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत हा रंग पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. लाली जितकी गडद, तितके थायोसायनेट जास्त. गरिबातल्या गरीब वस्तीत, परीक्षानळ्यांचा एक स्टँड आणि रंगाची गडदता मोजणारे साधे उपकरण घेऊन ही तपासणी करता आली असती.

इथपर्यंत शास्त्र होते. पुढे जे घडले ते मला आजही अस्वस्थ करते. कंपनीच्या अमेरिकेतल्या वैद्यकीय विभागाकडून सुरुवातीला सल्ला आला होता की सायनाइडचा संशय असेल तर थायोसल्फेट द्या. पुढे तो मागे घेतला गेला. म्युनिकहून आलेले विषतज्ज्ञ मॅक्स डाउंडरर यांनी इंजेक्शनचा साठा सोबत आणून ती द्यायला सुरुवात केली, पण त्यांना थांबवून परत पाठवण्यात आले. सायनाइडची विषबाधा प्रयोगशाळेत निर्विवाद सिद्ध झाल्याशिवाय हे औषध देऊ नये, असा आदेश राज्याच्या आरोग्य खात्यातून निघाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, रीतसर दुहेरी-अंध चाचणी घेतली, म्हणजे खरे औषध कुणाला मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही. इंजेक्शननंतर रुग्णांना बरे वाटले आणि लघवीतले थायोसायनेटही वाढले. फेब्रुवारी 1985 मध्ये आयसीएमआरने थायोसल्फेट कसे द्यावे याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही सरकारी दवाखान्यांत ते सरसकट मिळेना. मग बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी जून 1985 मध्ये जन स्वास्थ्य केंद्र उघडले, इंजेक्शने देऊ लागले आणि नोंदी ठेवू लागले. महिना संपायच्या आत पोलिसांनी तिथे धाड घातली, डॉक्टरांना अटक केली आणि नोंदी जप्त केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

एका साध्या इंजेक्शनला एवढा विरोध का? माझ्या मते त्याचे उत्तर औषधात नव्हते, चाचणीत होते. विष डोळे आणि फुफ्फुसांपुरतेच राहिले, असे धरले तर नुकसान मर्यादित ठरते. ते रक्तात भिनून साऱ्या शरीरात गेल्याचे लाखो लोकांच्या लघवीत दिसले, तर भरपाईचे सगळे गणितच बदलते.

विरोधकांच्या शास्त्रीय शंका मात्र पोकळ नव्हत्या, हेही लिहायला हवे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या लघवीत थायोसायनेट एरवीही जास्त असते. कोबीसारख्या भाज्यांमुळेही ते वाढते. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही, तुलनेसाठी वायू न लागलेल्या माणसांचा गट हवा. शिवाय एमआयसीपासून सायनाइड तयार होते ते खूप तापवल्यावर. शरीराच्या उष्णतेत तसे होत नाही. टाकीतल्या उष्णतेमुळे ढगात हायड्रोजन सायनाइड किती मिसळले, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेच नाही. आयसीएमआरचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. श्रीरामचारी यांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते एमआयसी रक्तात शिरून हिमोग्लोबिनला चिकटते आणि शरीरातल्या प्रथिनांशी असा संयोग झाल्यामुळे सायनाइडसदृश द्रव्यांचा नेहमीचा साठा फुगतो. हिमोग्लोबिनला चिकटलेला हा तुकडा पुढे प्रयोगशाळेत वेगळा काढून मोजता आला. थायोसायनेटपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का, कारण तो कोबी खाऊन तयार होत नाही.

पण तांबडी रक्तपेशी जगते सुमारे 120 दिवस. ती मोडली की तिच्यावरची खूणही गेली. डिसेंबर 1984 च्या पहिल्या आठवड्यात अंगात शिरलेल्या विषाची साक्ष एप्रिल 1985 पर्यंत जिवंत माणसांच्या रक्तातून पुसली जाणार होती. त्या चार महिन्यांत वस्त्यावस्त्यांतून रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवले असते तर निदान पुढच्या पिढीच्या यंत्रांना ते वाचता आले असते. घरोघरी तसे नमुने घेतले गेले नाहीत.

मग मोजमाप कशावर करायचे? आयसीएमआरने हजारो लोकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, तेव्हा वस्त्यांची तीव्र, मध्यम आणि सौम्य बाधित अशी विभागणी केली ती पहिल्या काही दिवसांत तिथे किती माणसे मेली त्यावरून. हवेत वायू किती होता याची नोंद कुणाकडेच नव्हती, त्यामुळे मृत्यूच मापाचा आकडा ठरला. मार्च 1985 मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या गटाने कारखान्यासमोरच्या जेपी नगरची आणि दूरच्या अण्णा नगरची तुलना केली. या गटात महाराष्ट्रातले डॉक्टर कार्यकर्ते बरेच होते. दम लागण्यापलीकडे स्नायुदुखी, विसराळूपणा, स्त्रियांच्या पाळीतले बिघाड असे किती काही त्यांना आढळले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने बाधितांच्या फुफ्फुसांची क्षमता मोजून 1985 मध्येच निरीक्षणे छापली. हे सगळे मोलाचे काम होते, पण फुंकर मारून मोजलेली श्वासाची क्षमता आजार दाखवते, तो कशाने झाला हे ती सांगत नाही.

भरपाईचे दावे तपासताना नेमकी तीच उणीव बाधितांच्या अंगावर आली. गळतीच्या दिवसांतले दवाखान्याचे कागद, क्ष-किरण आणि श्वासाची चाचणी यांवर माणसांची वर्गवारी झाली. ज्या बाईने त्या रात्री मूल कडेवर घेऊन धाव घेतली, तिच्याजवळ केसपेपर असणार कुठून? फेब्रुवारी 1989 मध्ये भारत सरकार आणि कंपनी यांच्यात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे बहुसंख्य बाधितांच्या वाट्याला सुरुवातीला आले ते प्रत्येकी 25,000 रुपये.

प्रयोगशाळेतले काम पुढे चालू राहिले. उंदरांवरच्या प्रयोगांतून 1991 च्या सुमारास दिसले की ग्लुटाथिऑन हा शरीरातलाच रेणू एमआयसीला धरून आत नेतो आणि त्याचे अवशेष लघवीत उतरतात. त्याच अवशेषाची तपासणी आज वेगळ्याच कामगारांसाठी वापरली जाते. कृत्रिम चामड्याच्या कारखान्यांत डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रावकाशी संबंध येणाऱ्यांच्या लघवीत तो मोजतात. भोपाळमध्ये डॉ. चंद्र यांनी मृतांचे रक्त गोठवून जपून ठेवले होते. 1991 मध्ये त्यांनी आणि श्रीरामचारींसह त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रक्तात एमआयसीचे तीन रेणू जुळून बनलेले संयुग सापडल्याचे प्रसिद्ध केले. टाकीच्या तळाशी उरलेल्या गाळात जे होते, तेच. तोवर तडजोडीवर सह्या होऊन दोन वर्षे उलटली होती.