पिशवीतल्या चार फायली

बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीबाहेर अर्धा तास बसा. कापडदुकानाची जाड पिशवी मांडीवर घेतलेली एक तरी आई दिसेलच. पिशवीत मेंदूच्या डॉक्टरांची फाईल वेगळी, हाडांच्या डॉक्टरांची वेगळी, पोटाची वेगळी, व्यायामाची वेगळी. एमआरआयचं पाकीट मावत नाही म्हणून वर डोकावतं. आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "जुनी फाईल दाखवा." त्यावर ती विचारते, "कुठली दावू, सर?"

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरी हे रोजचं आहे. मेंदूची वाढ होत असतानाच त्याला इजा झाली की स्नायूंवरचा ताबा बिघडतो. पण प्रकरण स्नायूंवर थांबत नाही. अनेकांना फिट येतात, घास नीट गिळता येत नाही, पोट साफ होत नाही, खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो. मग फिटसाठी बेळगाव, ऑपरेशनसाठी हुबळी. रायबाग-कुडचीकडची माणसं रेल्वेने मिरज गाठतात, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. त्यात कुठल्या योजनेचं कार्ड कुठे चालतं यावरही गाव ठरतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली. त्या वादात मी शिरत नाही. दवाखाना बदलला की नवी फाईल सुरू होते, एवढंच इथे महत्त्वाचं.

आता समजा, खानापूरकडची सात वर्षांची एक मुलगी आहे. फिटसाठी कार्बामाझेपिन चालू आहे. पावसाळ्यात खोकला झाला, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. औषध चांगलंच. पण कार्बामाझेपिन शरीरातून काढून टाकायचं काम यकृतातलं सीवायपी-3ए4 नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं आणि क्लॅरिथ्रोमायसिन नेमकं तेच अडवतं. नळ चालू आणि मोरीचं भोक बुजलेलं, असा प्रकार. डोस तोच, तरी दोन-चार दिवसांत रक्तातलं औषध चढत जातं. चालतं-फिरतं मूल असतं तर झोकांड्या खाताना दिसलं असतं. ही चालतच नाही. ती नुसती पेंगते, उलटी करते, मान टाकते. "तापाने अशक्तपणा आलाय," असं घरच्यांना वाटतं.

पेंगुळलेल्या मुलीला पेज भरवली की थोडी श्वासनळीत उतरते. ठसका लागेलच असं नाही, काही मुलांना तो येतच नाही. मग छातीत कफ, पुन्हा खोकला आणि पुन्हा अँटिबायोटिक. जिथून निघालो तिथेच आलो, आणि या फेऱ्यात कुणीही चुकीचं निदान केलेलं नाही. फिटची फाईल समोर असती तर अझिथ्रोमायसिनसारखा पर्याय निघू शकला असता, तो या विकराच्या वाटेला फारसा जात नाही. (हे वाचून कुणी फिटची गोळी मनाने बंद करू नये. ती अचानक थांबवली तर फिटा उसळतात.)

असंच दुसरं प्रकरण लाळेचं. लाळ कमी करणाऱ्या औषधांनी आतड्याची हालचालही मंदावते. पोट तटतं, दुखतं, मूल अंग ताठ करतं. ती फिट वाटली की फिटचा डोस वाढतो. मूळ दुखणं मात्र पोटात अडकलेलंच.

एकत्र पाहण्याने काय होतं, याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण स्वीडनचं आहे. तिथल्या दक्षिण भागात 1994 पासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची एकच नोंदवही ठेवून खुब्याचे एक्स-रे ठरलेल्या वेळी काढायला सुरुवात झाली. सांधा सरकू लागल्याचं वेळीच कळू लागलं आणि पूर्ण निखळण्याचं प्रमाण फारच खाली आलं. नवं औषध, नवं यंत्र यातलं काही नव्हतं. वही होती, आणि ती पाहून बोलावणं धाडणारी माणसं होती.

आपल्याकडे 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर एक केंद्र असावं, आणि तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-श्रवण सगळं एका छपराखाली मिळावं, अशी त्याची आखणी आहे. आखणी उत्तम आहे. पण मुलाचे उपचार जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर गेले की त्या फायली एकत्र कोण करणार? आज ते काम आई करते, बिनपगारी.

तोवर घरी एक करता येतं. एकच कागद ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात. औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव लिहा, तेही इंग्रजी अक्षरांत, म्हणजे बेळगावात आणि मिरजेत सारखंच वाचलं जाईल. डोस "एक झाकण" किंवा नुसता "5 मिली" असा लिहू नका, मिलिग्रॅमही लिहा. साधं पॅरासिटामॉल घ्या. एका बाटलीत 5 मिलीला 120 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250. फिट पाच मिनिटांवर गेली तर काय द्यायचं आणि कुठे न्यायचं, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. एरवी मूल कसं असतं तेही एका ओळीत असू द्या: हाक मारली की बघते, हसते, डावा हात हलवते. रात्री ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरला तिची पेंग नेहमीची की आजची, हे त्या ओळीवरूनच कळेल.

वजन मात्र तारखेसह पेन्सिलने लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी ते खोडावं लागतं, आणि बहुतेक डोस त्याच आकड्यावर ठरतात.