काचबिंदू आणि २१चा आकडा

मोतीबिंदू ‘पिकू द्यावा लागतो’ ही समजूत आपल्याकडे अजून घरोघरी आहे. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळात तिच्यात तथ्यही होतं. पंचाईत अशी की नावं सारखी असल्यामुळे काचबिंदूलाही तोच न्याय लावला जातो. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर शस्त्रक्रियेनंतर बहुधा परत येते. काचबिंदूमुळे गेलेली येत नाही, कारण तिथे भिंग गढूळ झालेलं नसतं, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच वाळत गेलेली असते. त्यातही नजर कडेकडेनं जाते, त्यामुळे समोरचा पेपर वाचणाऱ्याला बराच काळ पत्ताही लागत नाही.

मग काचबिंदूच्या रुग्णाला दर काही महिन्यांनी प्रेशर (डोळ्यातल्या पाण्याचा दाब), फील्ड टेस्ट (नजरेच्या परिघाची तपासणी) आणि नसेचा स्कॅन अशी वारी का करावी लागते? या तिन्ही तपासण्या एकदम आलेल्या नाहीत. आधीचीनं दगा दिला म्हणून पुढची आली.

डोळा घुसळून निघावा तशा वेदना आणि अर्ध्या डोक्यात ठणका, असं ‘अधिमंथा’चं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. अचानक उसळणाऱ्या काचबिंदूशी ते बरंच जुळतं. गुपचूप वाढणारा प्रकार मात्र १८५१पर्यंत कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण जगापुढे मांडलं. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे या नेत्रतज्ज्ञाला त्यातून नसेच्या तोंडाशी बदल दिसला, पण पडलेला खळगा त्याला आधी उंचवटा वाटला! चूक लवकरच दुरुस्त झाली. १८५७मध्ये त्यानं बुबुळामागच्या रंगीत पडद्याचा तुकडा काढून तीव्र काचबिंदू आटोक्यात आणण्याची शस्त्रक्रियाही जाहीर केली. औषध आलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या कालाबारच्या विषारी बीमधून. आरोपी खरा की खोटा हे ठरवायला तिथे ती बी खायला लावत. तिच्यातलं द्रव्य १८७६मध्ये काचबिंदूवर वापरणाऱ्या डॉक्टर लुडविग लाकरला स्वतःलाच काचबिंदू होता.

या प्रवासात एक मुक्काम भारतातलाही आहे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९मध्ये डोळ्याच्या भिंतीला बारीक भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून देण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती जगभर वापरली गेली.

पण प्रेशर मोजायचं कसं? बराच काळ डॉक्टर मिटलेल्या पापणीवर बोटं ठेवून डोळा किती टणक लागतो याचा अंदाज घेत. १८८४मध्ये कोकेननं डोळा बधिर करता येऊ लागला आणि बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाला, उपकरण टेकवणं सोपं झालं. १९०५मध्ये नॉर्वेच्या शिओट्झचं छोटं वजनाचं यंत्र आलं. बुबुळ किती दबतं यावरून ते प्रेशर सांगे. १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गोल्डमननं बुबुळाचा छोटा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते मोजलं. निळ्या प्रकाशात होणारी ही तपासणी आजही प्रमाण मानतात.

आकडा हाती आला की त्याला हद्द हवी. १९५८मध्ये जर्मनीत लायडहेकर आणि सहकाऱ्यांनी १०,००० निरोगी माणसांचं प्रेशर मोजलं. सरासरी साधारण १५.५ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) आली. नेहमीच्या संख्याशास्त्रीय हिशेबानं वरची मर्यादा २१च्या आसपास पडली. बस्स, एवढंच. ती रोगाची सीमा नव्हती, पण दवाखान्यात ती तशीच रुजली. माझ्या मते या आकड्यानं जितक्यांना सावध केलं, तितक्यांना गाफीलही ठेवलं.

१९६६मध्ये वेल्सच्या फर्नडेल गावच्या पाहणीनं ही हद्द डळमळीत केली. प्रेशर जास्त पण नस शाबूत, अशी माणसं खऱ्या रुग्णांहून कितीतरी अधिक निघाली. उलट नस खराब झालेल्या काहींचं प्रेशर २१च्या आत होतं. मग केवळ प्रेशरवर विसंबायचं कसं? नजरेचा परीघ तपासणारी फील्ड टेस्ट आणि नसेची पाहणी यांचं वजन वाढलं. १९९१मध्ये प्रकाशाच्या साहाय्यानं डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी तंत्र आलं आणि नसेच्या तंतूंची झीज मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली.

आकडा मोडीत निघाला असं मात्र नाही. २००२मध्ये अमेरिकेतल्या १,६३६ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. या सगळ्यांचं प्रेशर जास्त होतं, नस शाबूत होती. पाच वर्षांत प्रेशर उतरवणारे थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. बुबुळ पातळ असणाऱ्यांना धोका जास्त, हेही त्यातून पुढे आलं. पातळ बुबुळावर प्रेशर मोजताना मुळात कमी भरतं, आणि लेझरनं बुबुळ पातळ होतं. चष्म्याचा नंबर लेझरनं घालवलेल्यांनी हे डॉक्टरांना आठवणीनं सांगायला हवं.

भारतात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६मध्ये सुरू झाला, आणि त्याचा भर साहजिकच मोतीबिंदूवर राहिला. शिबिरात बॅटरीच्या उजेडात पांढरी बाहुली चटकन दिसते. वाळलेली नस दिसत नाही. पुढे आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत मोठ्या पाहण्या झाल्या, तेव्हा काचबिंदू झालेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याची कल्पनाच नव्हती. तपासणीच्या दिवशी त्यांतल्या अनेकांचं प्रेशर २१च्या आतच होतं.