येताना उतार लागतो काय?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला न्यूयॉर्कला जाऊन आल्या. भेटायला गेलो, तर चहाच्या आधी प्रश्न: "जाताना मुंबईपासनं सोळा तास बसवून ठेवलं बघ. येताना साडेचौदा तासांतच सोडलं. येताना उतार लागतो काय रे?"

हसलो खरा, पण उतार असतोच. फक्त तो वाऱ्याचा.

आधी अंतराचं बघू. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त करत अटलांटिकवर जाते. मग काकूंच्या थोरल्या नातवाचा पृथ्वीगोल मागवला आणि दोन शहरांमध्ये सुतळी ताणून धरली. सुतळी सरळ वर चढली! रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग खाली. गोलावरचा सगळ्यांत जवळचा रस्ता हाच. सपाट कागदावर तो वाकडा दिसतो, एवढंच. अर्थात विमानाला कायम सुतळीवरून जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेक फेऱ्यांना वळसा पडला.

नातवाने शंका काढली: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर थांबलं तर न्यूयॉर्कच खाली येईल की! कोल्हापूर ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावतंय हे खरं. पण धावत्या एसटीत शेंगदाणा वर उडवला तर तो मागच्या सीटवर जात नाही, आपल्याच हातात पडतो. हवाही पृथ्वीसोबतच फिरते, आणि विमान त्या हवेत असतं.

खरी गंमत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर आहे. विषुववृत्ताकडची गरम हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि पृथ्वीचं फिरणं यांतून तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला, पण अहवाल लिहिला एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत. जगाने तो वाचलाच नाही!

पंचगंगेत पोहणाऱ्याला पुढचं सांगायला नको: जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहासोबत. पण एक हिशेब फसवा आहे. विमानाचा वेग ताशी 900 आणि वारा 100 धरा. उलट्या वाऱ्यात 12,500 किलोमीटरला 15.6 तास, पाठच्या वाऱ्यात 12.5. बेरीज 28.1. वाराच नसता तर 27.8. म्हणजे जाताना गेलेला वेळ येताना पुरता परत मिळत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेले असतो.

हा प्रवाह थंडीत जोरात असतो. तेव्हा त्याची एक धार उत्तर भारतावरून वाहते. जूनच्या सुमारास ती हिमालयापलीकडे सरकते आणि इकडे मोसमी पावसाला वाट मिळते.

काकूंनी एवढंच नेमकं उचललं. "म्हणजे जूनमध्ये जायचं, डिसेंबरात यायचं. तसंही तिकडं सहाच महिने राहू देतात."