जनुक बदललेला डास आणि वोल्बाकियाचा डास

डेंग्यू रोखण्यासाठी डासच सोडणार असल्याची बातमी आली की ते डास ‘जीएम’, म्हणजे जनुकीय बदल केलेले असणार, असे सर्रास गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या कामासाठी दोन निराळ्या पद्धती आहेत. डास दोन्हींत डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्तीच, पण पहिलीला तो कमी करायचा असतो, तर दुसरीला तो तसाच राहू देऊन त्याची रोग पसरवण्याची ताकद काढून घ्यायची असते.

ऑक्सिटेक या ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा डास खऱ्या अर्थाने जनुक बदललेला आहे. त्याच्या डीएनएत बाहेरून घातलेल्या जनुकामुळे अळीच्या पेशींत एक प्रथिन साचत जाते आणि ती मरते. प्रयोगशाळेत पाण्यात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळले की हे जनुक दबून राहते, म्हणून तेथे पैदास करता येते. चावते ती मादी, त्यामुळे सोडतात ते फक्त नर. २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा कीज बेटांवर सोडलेल्या वाणात मादी अळ्या तेवढ्या मरतात. नर जगतात आणि ते जनुक पुढे नेतात, परंतु नवे डास सोडणे थांबवले की काही पिढ्यांत ते विरून जाते. याआधीच्या वाणाच्या चाचण्या २०१७ मध्ये जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे जाळीच्या पिंजऱ्यांत सुरू झाल्या होत्या.

वोल्बाकिया हा जिवाणू आहे. अनेक कीटकांच्या पेशींत तो निसर्गतःच असतो, एडिस इजिप्तीत मात्र नसतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीतला हा जिवाणू अतिशय बारीक सुईने डासाच्या अंड्यांत सोडला; डासाच्या जनुकांना त्यांनी हात लावला नाही. असा डास डेंग्यूचा विषाणू सहजासहजी पुढे देऊ शकत नाही. हा जिवाणू पसरतो कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. जिवाणू असलेल्या नराचे साध्या मादीशी मीलन झाले तर अंडी फुटत नाहीत. मादीत जिवाणू असेल तर मात्र नर कोणताही असो, पिल्ले होतात आणि आईकडून जिवाणू घेऊनच जन्मतात. म्हणून येथे माद्याही सोडाव्या लागतात, आणि काही काळ डास अधिक चावतील हे त्या वस्तीला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरातील चाचणीत, अशा डासांच्या भागांत डेंग्यूचे निदान झालेले रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात पुदुच्चेरी येथील आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेने असे डास तयार केले आहेत.

जनुक बदललेले नाहीत म्हणून हे डास अधिक सौम्य वाटतात. मला मात्र वाटते की परतीच्या वाटेचा प्रश्न त्यांच्याच बाबतीत अधिक काटेकोरपणे विचारायला हवा, कारण एकदा स्थिरावलेला जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या टिकावा, हाच त्या योजनेचा हेतू असतो.

सिंगापूरमधील कार्यक्रम या दोन्हींच्या मधोमध बसतो. तेथे वोल्बाकिया असलेले केवळ नर सोडतात, म्हणजे साधन जिवाणूचे आणि उद्देश डास कमी करण्याचा. चुकून एखादी जिवाणूवाली मादी बाहेर पडली तर तिची संतती तेथे मूळ धरू शकते, म्हणून नर वेगळे काढल्यानंतरही त्यांच्यावर क्ष-किरणांचा हलका मारा केला जातो, ज्यामुळे नजरेतून सुटलेली मादी वांझ होते.