ताईंच्या नृत्यवर्गामागची आठशे वर्षं

चाळीस वर्षं नृत्य शिकवलेल्या ताईंचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं आणि भाषणात ‘कलेची सेवा’ हे दोन शब्द येतात. मराठवाड्याच्या बाबतीत हे फार अपुरं आहे. या ताईंनी नेमकं काय उभं केलं, हे कळायला त्यांच्याआधी इथे काय होतं आणि काय नव्हतं ते पाहावं लागतं. नाच इथे कधीच कमी नव्हता. घरातल्या मुलीला निर्धास्त पाठवता येईल अशी शिकण्याची जागा मात्र नव्हती.

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यातल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात सहाव्या-सातव्या शतकातलं एक शिल्प आहे. मध्ये नर्तकी आणि दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या सहा जणी. साथीदारसुद्धा स्त्रियाच, ही गोष्ट मला दर वेळी थांबवते. वेरूळला नाचणारा शिव आहे. धर्मापुरीचं केदारेश्वर, निलंग्याचं नीलकंठेश्वर, देगलूरजवळचं होट्टल इथल्या मंदिरांवर सुरसुंदरी, म्हणजे वेगवेगळ्या ढबीत उभ्या स्त्रियांची शिल्पं आहेत. यादवांच्या देवगिरीत, राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते आणि तो स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्याचा प्रमुख होता. ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि सातवा पूर्ण नर्तनावर आहे. डोकं, हात, नजर, पाय, उभं राहण्याच्या पद्धती, सगळं त्यात बारकाईने मांडलेलं आहे. आज देशभर नृत्य शिकणाऱ्यांना ज्याचा आधार घ्यावा लागतो तो ग्रंथ आपल्या दौलताबादच्या किल्ल्याखाली लिहिला गेला, हे मराठवाड्यातल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक असेल?

1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि 1317-18 पर्यंत यादवांचं राज्य संपलं. दरबारी आश्रय गेला. नाच मात्र देवाच्या दारात आणि जत्रेत टिकला. खंडोबाची मुरळी, तुळजाभवानीचे आराधी, संबळावरचा गोंधळ, पैठणच्या एकनाथांची भारुडं, बंजारा तांड्यावर होळीला नाचत गायची लेंगी, किनवटकडच्या आदिवासींचा दंडार नाच. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचा गोंधळ ज्यांनी ऐकला ते अजून त्याबद्दल भरभरून बोलतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही तमाशाचे फड उतरतात आणि लावणी महोत्सव होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सत्काराच्या भाषणांत ती येत नाही. या भागात मुलींना पद्धतशीर नाच शिकवणाऱ्या पहिल्या गुरू कोणत्या संस्थेतल्या नव्हत्या. त्या कोल्हाटी समाजातल्या आया, मावश्या आणि आज्या होत्या. संगीत बारी म्हणजे लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांचा फड; त्या घरात पोर ढोलकी-पेटीच्या आवाजातच वाढायची, मोठ्यांच्या मागे उभी राहून पाय टाकायला शिकायची. चाळ पायात चढले की त्यांच्या वजनाची सवय व्हायलाच दिवस जायचे. मग बसून केलेल्या बैठकीच्या लावणीतली अदा, म्हणजे एकाच ओळीला नजर, भुवई, मनगट वेगवेगळं वापरून पाच-सात अर्थ काढणं. कथकमध्ये ज्याला बैठकीचा भाव म्हणतात आणि ज्यासाठी आपण मोठमोठ्या गुरूंची नावं आदराने घेतो, त्याच तोडीचं हे काम. पण या शिकवणीला समाजाने शिक्षण मानलं नाही. शिकवणाऱ्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत आणि त्यांच्या मुलींना नाचाबरोबर बदनामीही वारशाने मिळाली. ‘चांगल्या घरातल्या मुली नाचत नाहीत’ हे वाक्य त्यातूनच आलं. पुढच्या पिढीतल्या प्रत्येक नृत्यशिक्षिकेला पहिली काही वर्षं त्या एका वाक्याशी झुंजावं लागलं.

बाकी महाराष्ट्रापेक्षा आपण मागे पडलो त्याला इतिहासही कारण आहे. पुण्यात कथकगुरू रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो. औरंगाबादला सरकारी कॉलेज 1923 पासून होतं, पण मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचं पीपल्स कॉलेज 1950 चं, विद्यापीठ 1958 चं. जिथे मुलीला कॉलेजात पाठवण्यासाठीच घरात भांडावं लागत होतं तिथे तिला नाचायला कोण पाठवणार?

बदल आला तो नोकरदार वर्गाबरोबर, असं माझं मत आहे. जायकवाडीचं काम 1965 मध्ये सुरू झालं. पाटबंधारे, बँका, वीज मंडळ, विद्यापीठ यांच्या वसाहती वाढल्या आणि बदलीवर आलेल्या कुटुंबांत पुण्या-नागपूरकडे किंवा हैदराबादला कथक-भरतनाट्यम शिकलेल्या सुना होत्या. कुणी घरच्या पुढच्या खोलीत, कुणी शाळेच्या वर्गातले बाक सरकवून, कुणी मंदिराच्या सभागृहात चार मुली घेऊन सुरुवात केली. खाली शहाबादी फरशी, उन्हाळ्यात तापलेली आणि थंडीत गार. तबलजी परवडत नसे, म्हणून ताई स्वतःच हातावर ताल देत बोल म्हणायच्या.

त्या खोलीत पहिले काही महिने फक्त तत्कार, म्हणजे कथकमधलं तालावरचं पायाचं काम चालायचं. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आधी बराबर, मग दुप्पट, मग चौपट. पाय पूर्ण सपाट पडला पाहिजे, गुडघा उगाच उचलायचा नाही, कमरेवरचं शरीर हलता कामा नये. घुंगरू लगेच मिळत नाहीत, कारण आवाज आला की पायाची चूक त्यात लपते. टीव्हीवरचं गाणं बसवून घ्यायला आलेली आई महिन्याभराने विचारायची, ‘ताई, डान्स कधी सुरू होणार?’ या प्रश्नाला न चिडता, मुलीलाही न दुखावता उत्तर देत राहणं हा या पेशाचा निम्मा भाग आहे.

घराघरांतली भीती कमी झाली ती परीक्षांमुळे. 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या पालकांना समजत होत्या. प्रमाणपत्र होतं, बाहेरगावचे परीक्षक येत होते, हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा धरून पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, करावी लागत होती. नाच हा अभ्यास आहे हे घरच्यांना पटलं. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळू लागल्यावर वर्गातली गर्दीही वाढली. गुणांसाठी आलेल्या सगळ्याच मुली टिकत नाहीत, पण त्यातल्याच एखादीचा पाय असा पडतो की ताई तिला रविवारी वेगळं बोलावतात.

वर्ग चालायचा तो मात्र गॅदरिंगवर. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळाशाळांत नाच बसवून द्यायचे, त्याच पैशातून पुढे वर्षभर खोलीचं भाडं आणि तबलजी. यावर नाक मुरडणारे शास्त्रीयवाले मी पाहिले आहेत. मला त्यांचं पटत नाही. तीस मुलं एकाच वेळी एकाच समेवर आणणं हेही शिकवणंच आहे, आणि कित्येक मुली तिथूनच वर्गात आल्या.

पुढे दोन दारं उघडली. विद्यापीठाच्या युवक महोत्सवाने खेड्यातल्या कॉलेजच्या मुला-मुलींना लावणी, लोकनृत्य, शास्त्रीय नृत्य घेऊन रंगमंचावर आणलं. 1994 मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर असे दोन महोत्सव होऊ लागले. आणि 1996 मध्ये औरंगाबादला एमजीएम (महात्मा गांधी मिशन) या शिक्षणसंस्थेच्या परिसरात महागामी गुरुकुल सुरू झालं. पार्वती दत्ता तिथे कथक आणि ओडिसी शिकवतात. गुरुकुलाच्या वार्षिक समारोहाला शार्ङ्गदेवाचं नाव आहे. देवगिरीच्या त्या लेखकाला त्याच्याच परिसरात घुंगरांनी आठवलं जातं याचा मला मनापासून आनंद होतो.

अडचण आज वेगळी आहे. मुलगी नववीत गेली की वर्ग सुटतो. लातूर पॅटर्नच्या शिकवण्या सकाळ-संध्याकाळ भरतात, नीट-जेईईचं वेळापत्रक नाचाला जागा ठेवत नाही. मध्यमापर्यंत आणलेली, विशारदला नक्की बसेल अशी मुलगी याच वयात जाते. आठ वर्षं घडवलेला पाय असा सुटतो तेव्हा काय वाटतं ते ताई कुणाला सांगत नाहीत. त्या पालकांशी भांडत नाहीत, निदान रविवारचा एक तास सोडू नका एवढंच सांगतात. काही मुली त्या एका तासावर टिकल्या, विशारद झाल्या, पुण्या-मुंबईला जाऊन नृत्यात पदवी घेतली आणि परत येऊन जालना, परभणी, बीडमध्ये त्यांनी स्वतःचे वर्ग सुरू केले.

पहिल्या पिढीच्या ताई आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे परीक्षेला बसलेल्या मुलींच्या याद्या आहेत, हाताने लिहिलेल्या तोड्यांच्या वह्या आहेत, गॅदरिंगच्या पत्रिका आणि फोटो आहेत. संगीत बारीतल्या आज्यांकडे तेवढंही नाही. जे आहे ते त्यांना पाठ आहे, आणि त्यातल्या काही जणी अजून गाऊन, करून दाखवू शकतात. सत्कार समित्यांनी शालीबरोबर एक रेकॉर्डर घेऊन जावा आणि आधी या आज्यांच्या घरी जावं.