एए आणि अल-अ‍ॅनॉन: मीटिंग नक्की कोणाची?

दारू सोडवणाऱ्या गटाचा शोध बहुतेक घरांत पिणारा घेत नाही. त्याची बायको, आई नाहीतर बहीण घेते. कुठून तरी नंबर मिळवून ती फोन लावते, आपल्या भागात मीटिंग कुठे भरते ते विचारते, आणि पलीकडून प्रश्न येतो, "त्यांना स्वतःला यायचंय का?" इथे बऱ्याच जणी हिरमुसतात. त्यांना वाटतं, आपल्याला कटवलं. तसं नसतं. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, हा पिणाऱ्यांचा गट आहे आणि सदस्य व्हायची अट तिथे एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही. पण ती इच्छा ज्याची त्यालाच हवी. नवऱ्याच्या वतीने बायकोला तिथे नाव घालता येत नाही.

फोन करणाऱ्या बाईसाठी जो गट आहे, त्याचं नाव अल-अ‍ॅनॉन. नावं सारखी, सावरण्यासाठी टप्प्याटप्प्याने पाळायच्या 'बारा पायऱ्या' जवळपास सारख्या, काही ठिकाणी दोन्ही मीटिंगा एकाच इमारतीत भरतात. म्हणून एकाला दुसऱ्याची शाखा समजलं जातं. प्रत्यक्षात दोन्ही संघटना वेगळ्या आहेत.

एए सुरू झालं १९३५ साली, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात. शेअर बाजारातला बिल आणि सर्जन असलेला बॉब, दोघेही पट्टीचे पिणारे. दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणी बोललं की आपलं पिणं आजच्यापुरतं टळतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातूनच पुढचं सगळं उभं राहिलं. बिलची बायको लोइस हिची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. नवऱ्याची दारू सुटली, म्हणजे आता सुख यायला हवं होतं. पण तो मीटिंगला निघायची घाई करत असताना एकदा तिने त्याला बूट फेकून मारला. इतकी वर्षं आपण सांभाळलं, समजावलं, तेव्हा काही झालं नाही आणि परक्या माणसांमुळे हा सुधारला, हे तिला सोसेना. आपलंही काहीतरी बिघडलंय हे तिला तिथे उमगलं. १९५१ मध्ये तिने अ‍ॅन नावाच्या मैत्रिणीबरोबर घरच्यांच्या गटांची स्वतंत्र संघटना उभी केली. तीच अल-अ‍ॅनॉन.

एएमध्ये माणूस "मी अल्कोहोलिक" असं म्हणून स्वतःच्या पिण्याबद्दल बोलतो. अल-अ‍ॅनॉनमध्ये बाई स्वतःबद्दल बोलते, नवऱ्याबद्दल नव्हे. आणि हेच पहिल्यांदा जाणारीला जड जातं. ती यादी घेऊन गेलेली असते: त्याने काय विकलं, कोणाच्या लग्नात काय तमाशा केला. ऐकणाऱ्या ते ऐकून घेतात. पण हळूहळू गाडी दुसरीकडे वळते: बाटल्या कोण लपवत होतं, साहेबांना "ताप आलाय" म्हणून फोन कोण करत होतं, उधारी कोण फेडत होतं. दारूपुढे आपण हतबल आहोत ही पहिली पायरी दोन्हीकडे तीच आहे. पिणाऱ्याने ती कबूल करणं आपल्याला रास्त वाटतं. बायकोनेही करायची, हे आपल्या सोशिकपणाच्या कौतुकात बसत नाही. हे दुखणं तू निर्माण केलं नाहीस, तुला ते आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही, असं तिला तिथे सांगतात. "सोडून दे" किंवा "नांदत राहा" असा सल्ला मात्र देत नाहीत.

मारहाण होत असेल तर गटावर विसंबू नये. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आधी.

यातला एकही गट म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर दोन-चार दिवसांत भ्रम, झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. त्यासाठी डॉक्टर लागतो, मीटिंग नव्हे. आणि "त्यांच्या नकळत जेवणात मिसळा" या जाहिरातीतल्या पुड्यांच्या नादी लागू नका. दारू सोडण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर प्रकृती गंभीर होऊ शकते. ते त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

फोन करताना मीटिंग मराठीत असते का हे जरूर विचारा. एएची मीटिंग ओपन की क्लोज्ड, हेही विचारा. क्लोज्डला फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. ओपनला घरचेही जाऊ शकतात, आणि नवरा कुरकुरत का होईना यायला तयार असेल तर सुरुवातीला तीच सोयीची. जवळपास अल-अ‍ॅनॉन नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांच्या गटाची चौकशी करा. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरूनही उपचारांची माहिती मिळते. परदेशातल्या किंवा लहान गावातल्या मराठी माणसासाठी ऑनलाइन मीटिंगा आहेत.

घरात वयात आलेली मुलं असतील तर अलाटीन हे नावही लक्षात ठेवा. तो अल-अ‍ॅनॉनचाच किशोरवयीनांसाठीचा भाग, १९५७ पासूनचा. आणि नवरा एएला जायला लागेपर्यंत अल-अ‍ॅनॉनसाठी थांबायचं काहीच कारण नाही. तो अजून पीत असला तरी तिथे जाता येतं; तो कधीच गेला नाही तरीही.