चाकोरीबाहेरचा डेक बांधताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक : मॅजिक द गॅदरिंग, ६० कार्डांचा खेळ

वेगळे डेक (खेळाडूने स्वतः निवडलेले कार्डांचे गठ्ठे) बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. एका नवलाच्या कल्पनेशेजारी आणखी तीन कल्पना घुसडलेल्या असतात. कल्पना एकच ठेवा. बाकी सगळा डेक अगदी सरळसाधा असू द्या: लँड (कार्डे खेळायला लागणारी ताकद, म्हणजे मॅना, देणारी कार्डे) पुरेसे, स्वस्त (कमी मॅना लागणारी) कार्डे भरपूर आणि प्रत्येक कार्ड त्या एका कल्पनेच्या कामाचे.

आधी हिशेब. एका कार्डाच्या जास्तीत जास्त ४ प्रती चालतात (बेसिक लँडला ही मर्यादा नाही). ६० कार्डांत ४ प्रती असतील, तर पहिल्या ७ कार्डांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. तेच काम करणारी ८ कार्डे ठेवलीत तर ती ६५ टक्क्यांवर जाते. म्हणून ज्याच्यावर डेक उभा आहे त्या कार्डाला जोडीदार शोधा, नाहीतर ते लायब्ररीतून (ओढायच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून) शोधून आणणारी कार्डे घ्या.

पर्सिस्टंट पेटिशनर्स
या क्रीचर (पटावर उतरणारे पात्र) कार्डाच्या हव्या तितक्या प्रती चालतात, हे कार्डावरच छापलेले आहे. सुरुवातीला ३० पेटिशनर्स, २२ लँड, ४ कार्ड-ओढणारी आणि ४ काउंटर (समोरच्याचे कार्ड रोखणारी) घेऊन बघा. चार अ‍ॅडव्हायझर (पेटिशनर्स याच प्रकारचे) टॅप केले, म्हणजे आडवे करून वापरले, की समोरच्याची १२ कार्डे मिल होतात, म्हणजे लायब्ररीतून थेट ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जातात. या क्षमतेच्या किमतीत टॅपचे चिन्ह नाही (ते असते तर नव्या क्रीचरला एक टर्न थांबावे लागले असते), त्यामुळे याच टर्नला उतरलेला पेटिशनरही चौघांत धरता येतो. बरेच जण एक टर्न उगाच थांबतात. समोरच्याच्या लायब्ररीत ७ कार्डांचा हात काढल्यावर ५३ उरतात आणि पुढच्या पाच ड्रॉनंतर ४८, म्हणजे नेमके चार फटके. लायब्ररी रिकामी झाल्याक्षणी तो हरत नाही. रिकाम्या लायब्ररीतून कार्ड ओढायची वेळ आली की हरतो. तोवर तग धरायला हवा.

धोके दोन. सगळे क्रीचर एका झटक्यात मारणारे कार्ड आले की पट साफ होतो. चार-पाच पटावर असतील तर पुढचे दोन हातातच ठेवा. दुसरे, ग्रेव्हयार्डवर जगणाऱ्या डेकला मिल म्हणजे मेजवानीच. साइडबोर्डच्या (डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव) १५ कार्डांत ग्रेव्हयार्ड एक्झाइल करणारी (खेळाबाहेर काढणारी) ३-४ हवीतच.

बॅटल ऑफ विट्स
आमच्या मते यापेक्षा देखणी कल्पना या खेळात क्वचितच सापडेल. पाच मॅनाचे एन्चांटमेंट (पटावर टिकून राहणारा मंत्र), आणि तुमच्या अपकीपच्या (टर्नमधल्या, कार्ड ओढण्याआधीच्या टप्प्याच्या) सुरुवातीला लायब्ररीत २०० किंवा जास्त कार्डे असतील तर तुम्ही जिंकता. डेक २०५ चा बांधू नका. हातात आणि ड्रॉमध्येच बारा-तेरा जातात, शोधाशोधीत आणखी. २४० ठेवा, त्यात सुमारे ९६ लँड. इथे ४ प्रतींपैकी एक तरी पहिल्या हातात येण्याची शक्यता ११ टक्क्यांवर घसरते, म्हणून शोधून आणणारी कार्डे निदान २० लागतात. एन्चांटमेंट उतरल्यावर समोरच्याला एक पूर्ण टर्न मिळतो, तेव्हा हातात एक काउंटर राखून ठेवा. कार्डांची संख्या क्षमता ट्रिगर होताना (सुरू होताना) आणि रिझॉल्व्ह होताना (तिचा परिणाम घडताना) अशी दोनदा तपासली जाते. मध्येच मिल होऊन १९९ उरली तर विजय गेला.

डेकच्या आकाराला कमाल मर्यादा नाही, पण तो तुम्हाला स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, वाजवी वेळात पिसता आला पाहिजे. २४० कार्डे एकदम हातात मावत नाहीत. ६० चे चार गठ्ठे करा, प्रत्येक नीट पिसा, मग प्रत्येकाचा अर्धा भाग शेजारच्या गठ्ठ्यात मिसळून पुन्हा पिसा. हे तीन-चारदा. नुसते ढीग मांडणे म्हणजे मोजणी, पिसणे नव्हे. स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची आवरणे) सगळे एकाच लॉटचे घ्या आणि २०-३० जादा ठेवा. नंतर आणलेल्या पाकिटातल्या रंगाच्या किंचित फरकानेही कार्ड ओळखता येते आणि ते मार्क्ड धरले जाऊ शकते.

कार्डे विकत घेण्याआधी कागदी चिठ्ठ्या साध्या कार्डांवर लावून घरी २० हात एकट्याने खेळून पाहा. कोणत्या टर्नला बेत सुरू झाला ते लिहा. पाचव्या टर्नपर्यंत १२ हातांत तरी तो सुरू होत नसेल, तर आधी डेकमधली जास्त मॅना लागणारी कार्डे काढा. लँड सहसा काढू नका.